दोन मुक्कामांचं सामान

द्वारकाबाईचा राधेश्याम पुण्याहून गाडीच अशी घेऊन आला, की आतच चूल अन् आतच पलंग. घनसावंगीच्या पल्याड, आईच्या शेतातल्या घरापुढं त्यानं ती दोन मुक्कामांसाठी लावली.

"घर हाय की रं, गाडीत कशाला निजतो?"

"तीच तर मजा हाय, आई. ना रेंज, ना शेजार. अशी जागा पैसे देऊन भेटत न्हाई."

मंग त्यानं सामान दाखवलं. आग विझवायची टाकी, औषधाची पेटी, अन् मुठीएवढं एक यंत्र. रेंज नसली तरी बटन दाबलं की मदतीचा निरोप जातोच म्हणे.

द्वारकाबाईनं ते यंत्र लई वेळ हातात धरलं. गेल्या साली नवऱ्याच्या छातीत कळ आल्ती, तव्हा ती फोन घेऊन बांधाबांधानं रेंज हुडकत पळाली. परत आली तवर माणूस गार पडल्ता.

पोरगं निघालं तसं ती ते यंत्र पुन्ना हातात घेऊन म्हणली, "बाबा, एवढं एक ठिवून जा. मी एकटीच असते."

राधेश्याम हसला अन् त्यानं यंत्र तिच्या हातातून अलगद काढून घेतलं.



"आई, हे आडरानात राह्यला जाणाऱ्याला लागतं. तू तर घरीच असती."