तासभर फुगवून पाहा

"मामा, पायाखाली फळी घेऊन, वाऱ्यानं ओढणाऱ्या मोठ्या कापडी पतंगाला धरून लाटांवर पळायला मी शिकवीन. जुना, स्वस्त पतंग घ्या, पण त्याच्या कडेच्या नळीत हवा टिकते का, तासभर फुगवून पाहा." भाचीचं हे पत्र वर्षभर माझ्या पुस्तकात खूण होऊन पडलं होतं. सत्तरीत जमेल का, म्हणून उत्तरच दिलं नव्हतं.

आज मात्र किनाऱ्यावर जुने पतंग विकणाऱ्यापुढे उभा राहिलो. त्यानं पहिला पतंग पंपानं फुगवला. मी वाळूत बसून पुस्तक उघडलं.

"काका, घ्यायचाय की वाचायचंय?" तो हसला.

"दोन्ही," मी पुटपुटलो. कान तापले, पण उठलो नाही. पंधरा पानांत पतंगाची कड मऊ पडली.

"एवढं चालतं हो. नवशिक्याला काय कळतंय!"

"नवशिक्यालाच चालत नाही. भर समुद्रात हवा गेली तर मला परतता येणार नाही. दुसरा दाखवा." इतकं मोठ्यानं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

दुसऱ्या पतंगाचा रंग उडाला होता, पण तासाभरानं पुस्तकातलं प्रकरण वाचून संपलं तरी तो ताठच. संकटात पतंग सोडून देणारी लाल कळ मी ओढून पाहिली, खटकन सुटली.

परतताना टपालपेटीत पोस्टकार्ड टाकलं : "पतंग घेतला. दिवाळी झाली की येतो. तुझा विद्यार्थी, मामा."