एकच रस्ता

वर्षभरापूर्वी बायपासनंतर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडली. रोज संध्याकाळी ते गाडी घेऊन एकटेच फिरून यायचे. गाडीचे दोन्ही एअर फिल्टर, इंजिनचा आणि आतल्या एसीचा, मी सहा महिन्यांपूर्वी घरीच बदलले होते. सवयीने कडेला तारीखही लिहिली होती.

आज दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवले. इंजिनचा राखाडी झाला होता. एसीचा पिवळा, आणि त्याला तंबाखूचा वास येत होता.

"रस्त्यावरची धूळ गं, दुसरं काय!" बाबा म्हणाले.

"मग इंजिन काय वेगळ्या रस्त्याने जातं, बाबा?"

"तुझी शपथ, पोरी..." त्यांनी हात पुढे केला.



मी डोकं मागे घेतलं.