चोर बटण

“करंटच पुढं येईना, अव्वा,” बॉनेटमधून डोकं बाहेर न काढता शंभू मिस्त्री म्हणाला.

उमादेवी पायरीवर बसल्या होत्या. त्यांचे यजमान वीरप्पा गेल्यापासून ती पांढरी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी होती. सकाळपासून शंभूने नवी बॅटरी जोडली, टाकीतलं सडकं पेट्रोल काढून ताजं भरलं, कार्बोरेटर उघडून धुतला, उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली. स्टार्टर गरगर फिरे, इंजिन काही पेट घेईना. शेवटी त्याने प्लग काढून लोखंडाला टेकवून पाहिला. ठिणगीचा पत्ता नव्हता.

“चोर बटन हाय का गाडीत?”

त्या काळी लोहारा गावात ज्याने गाडी घेतली त्याने चोर बटण बसवलंच. गाडीत कुठंतरी दडवलेलं साधं बटण. ते दाबल्याशिवाय किल्ली फिरवा नाहीतर नवस बोला, गाडी जागची हलायची नाही. जागा ठाऊक फक्त मालकाला. आणि वीरप्पांनी ते बसवलं नसतं तरच नवल. हार्डवेअरचं दुकान होतं त्यांचं. कुलपं विकता विकता त्यांचा कुलपांवरचासुद्धा विश्वास उडाला होता. कपाटाला कुलूप, कपाटाच्या किल्लीच्या डब्यालाही कुलूप. बायकोला त्यांनी कधी काही विचारलं नाही, आणि सांगितलं तर त्याहून कमी.

“असंल,” उमादेवी म्हणाल्या. “मला न्हाय सांगितलं.”

हे परक्या माणसासमोर बोलताना त्यांना कानकोंडं झालं. एवढा संसार केला आणि साधं एक बटण ठाऊक नाही!

शंभूने डॅशबोर्डखाली हात घातला, पायाखालचं मॅटिंग उचकटलं, डिकीही पाहिली. काही सापडेना. संध्याकाळी तामलवाडीचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. बंगळुरूच्या शिवप्रसादने, म्हणजे मुलाने, फोनवरच सगळं ठरवून टाकलं होतं. उमादेवींनी हो म्हटलं होतं. चालवणारं कोण होतं? घरात माणसाचा आवाज म्हणजे टीव्हीचा. आज शंभूमुळे त्या जेवढं बोलल्या, तेवढं गेल्या कित्येक दिवसांत बोलल्या नव्हत्या.

“न्हाय सापडलं तर बटन वगळून वायर डायरेक्ट जोडून देतो, त्याचं काय न्हाय,” शंभू हात पुसत म्हणाला. “पण एकडाव आठवून बघा. गाडी चालू करायच्या आधी मालकाचा हात कुठं जायचा?”

उमादेवींना लगेच आठवलं.

गाडीत बसलं की, किल्लीला हात लावायच्या आधी, वीरप्पा न चुकता बायकोच्या बाजूला वाकत. हात तिच्या सीटच्या आणि दाराच्या फटीत जाई, बाहेर लोंबणारा इरकलीचा पदर आत ओढून घेई. तोंडाने अक्षर नाही. पण तेवढ्यात त्यांचा खांदा उमादेवींच्या खांद्याला टेके. भर पेठेत, दुकानासमोर! जन्मात त्यांचे लाड झाले म्हणावे तर तेवढेच. कधी कधी उमादेवी मुद्दाम पदर दाराबाहेर राहू देत. आणि ज्या दिवशी पदर आधीच आत असे, त्याही दिवशी वीरप्पा वाकतच.

त्याही दिवशी. का वाकत होते मग? बटणासाठी?

त्यांना ते बोलायचं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर शंभू डायरेक्ट जोडून निघून गेला असता, गाडी तामलवाडीला गेली असती, आणि तो खांदा त्यांचा त्यांच्यापाशी राहिला असता. पण एकदा मनात आलेली शंका आता कुठं जाणार होती? रिकाम्या घरात ती रोज शेजारी येऊन बसली असती. त्यापेक्षा कळलेलं बरं.

“इकडं वाकायचे,” त्या म्हणाल्या. “माझ्या सीटखाली. दाराच्या बाजूला.”

“मग सापडलंच की!” शंभू खूश झाला. त्याने सीटचे नट सोडले, सीट उचलून बाहेर काढली, खालचं मॅटिंग पार सोलून काढलं. उमादेवी पायरीवरून उठल्या नाहीत. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्या नुसता पान्याचा आवाज ऐकत राहिल्या.

शंभूने सगळी जागा हाताने चाचपून पाहिली. मग तो उठून पलीकडच्या दाराशी गेला. तिथली रबराची पट्टी त्याने थोडी ओढली, आणखी थोडी ओढली. आत बोट दाबताच टक् असा आवाज झाला. त्याने किल्ली फिरवली, आणि गाडीने दोन उचक्या दिल्या, काळा धूर सोडला आणि ती धडधडत सुरू झाली. शेडचे पत्रे थरथरू लागले.

“ह्या दाराला हुतं, अव्वा! मालकाच्या उजव्या हाताशी!” शंभू आवाज चढवून ओरडला. “तुमच्या सीटखाली बटन न्हाय, वायर न्हाय, कायबी न्हाय. मग मालक रोज तिकडं वाकून करत काय हुते?”

उमादेवींनी पदर तोंडाला लावला आणि त्या हमसून हमसून रडू लागल्या. वीरप्पा गेले त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या.