कोपर
अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका खेड्याची गावसभा शाळेतच, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर भरली होती. शाळा बंद करून मुलं डोंगरापलीकडच्या सामाईक शाळेत धाडायची का, एवढाच प्रश्न होता. “बंद व्हावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” सभापती म्हणाले. भिंतीशी उभ्या लोर्नाबाई बघत राहिल्या; हात वर करायला त्यांनीच सगळ्यांना पहिलीत शिकवलं होतं. मोजणी एका मतावर अडली. ऑरिनचा हात कानापर्यंतच आला होता. “ऑरिन, मत देतोयस की काख खाजवतोयस?” सभापतींनी हटकलं. हशा पिकला. ऑरिन बाईंकडे बघत म्हणाला, “बाई, धाकटी बसमध्ये ओकते हो माझी. पण शाळेपायी घरपट्टी भरून भरून घरच विकायची वेळ आलीय.” बाईंना ते वाकडं कोपर बघवेना. “हात वर करायचा तर कोपर सरळ ठेवावं, बाळा,” त्या म्हणाल्या. त्याने ते सरळ केलं.