सत्तेचाळिसावं
सन एकाहत्तर. कात्री. डिंक. गार चहा. कैदी देवाजीचं रक्त. प्रयोगशाळेत मी त्यातल्या गुणसूत्रांचा फोटो कापून जोड्या लावल्या. माणसात सेहेचाळीस असतात; सत्तेचाळिसावं उरलं, जास्तीचं वाय, पुरुषाचं गुणसूत्र! विलायतेत ते खुन्यांमध्ये सापडतं म्हणत, आता नागपुरात! कागदावर चिकटवून मी सायकल दामटत तुरुंग गाठला. “देवाजी, खून तुमच्या रक्तानं करवला! वकील कोर्टात हे दाखवतील, फाशी टळेल!” तो उजळला. “म्हंजे माहा दोष नाही, बाई?” “नाहीच!” त्यानं तुकड्यावर बोट ठेवलं. “हे बापापासून पोराले जाते?” “वाय बापाकडूनच येतं!” मी म्हणाले. “माहं पोरगं तीन महिन्याचं हाये. लोक म्हनतीन, याच्याबी रक्तात खून हाये. भावाले मीच मारलं, रागात. असंच लिहा.” कागद फाडून त्यानं गुन्हा कबूल केला. जास्तीचं वाय मुलाकडे सहसा जात नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं; त्याला मात्र मी ते सांगितलं नव्हतं.