ठमीचं वजन

नर्सबाईंची म्हातारी मांजर ठमी आजारातून उठली, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दर रविवारी वजन बघा. घटलं की लगेच घेऊन या."

ठमी वजनकाट्यावर एकटी कसली थांबते! म्हणून बाई तिला कडेवर घेऊन काट्यावर चढत, मग खाली सोडून पुन्हा चढत आणि वजाबाकी करत. उत्तर साडेतीन किलो ठरलेलं.

या रविवारी सकाळी ठमीला घेऊन छप्पन भरले. तिला खाली सोडलं, तरी छप्पनच.

"काटा बिघडला असेल गं, ताई," असं म्हणत धाकट्या बहिणीने पिठाचा डबा ठेवून पाहिला. काटा चोख होता.

हातांना तर ठमीचा भार नेहमीसारखाच लागत होता. बाईंनी तिला चुचकारून एकटीलाच काट्यावर बसवलं. कधी नव्हे ती शहाण्यासारखी बसून राहिली. सुई शून्यावरून हलेना.

"पुरे आता, दमली बिचारी," म्हणत बहिणीने तिला उचलून मांडीवर घेतलं.

रिकाम्या काट्यावरची सुई सावकाश सरकली आणि साडेतीनवर येऊन थांबली. मांडीवरची ठमी तिकडे बघून, घरचंच कुणी आल्यासारखी, घुरघुरू लागली.