कोरे रकाने

गुडघेदुखीच्या नव्या औषधाचा अभ्यास पाचव्या वर्षात आला होता, आणि नोंदवहीत काही रुग्णांचे, त्यांत शिंपीकाकांचेही, गेल्या दोन वर्षांचे रकाने कोरेच होते. "शेवटच्या भेटीत 'दुखणं कमी' असं लिहिलंय ना? तेच पुढे लिहून टाका," वरिष्ठ डॉक्टर म्हणाले. नोंदी ठेवणाऱ्या नर्सच्या मनाला ते पटेना. फोन कुणी उचलेना, तेव्हा ती सरळ काकांच्या घरीच जाऊन थडकली.

दार उघडायला बराच वेळ लागला. काका भिंतीला धरून उभे होते. तिला पाहताच चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले.

"काका, यायचं का बंद केलंत?"

"तुझ्यापासून काय लपवू, पोरी? सुरुवातीला गुण आला, मग दुखणं दुपटीनं वाढलं. तुम्ही सगळे इतक्या मायेनं विचारपूस करायचात. खोटं बोलवेना, आणि खरं सांगून तुमच्या मेहनतीवर पाणी फिरवणं जिवावर आलं. म्हटलं, न गेलेलंच बरं."

नर्स म्हणाली, "अहो, हे कळावं म्हणूनच तर एवढा खटाटोप! नाहीतर उद्या हेच औषध हजारो लोकांना देतील."

काका हळूच म्हणाले, "असं असेल तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे जा, समोरच्या मास्तरांकडेही जा. या औषधानं त्यांचंही असंच झालं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून यायचं नाही, असं आम्ही तिघांनी मिळूनच ठरवलं होतं."